पटावर किती, बसले किती

टेपबाईंना त्या नावानं हाक मारलेली आवडत नसे, पण दुसऱ्या नावानं मारली तर त्या वळूनही बघत नसत. गळ्यात मापाची टेप घातल्याशिवाय त्यांना घराबाहेर पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाला गेल्या तरी टेप गळ्यात, बँकेत गेल्या तरी गळ्यात. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी ती जरा बाजूला काढून ठेवायला सांगितली, तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बघून ‘आधी तुम्ही काढा’ म्हटलं होतं.

माणूस समोर आला की त्यांना आधी माप दिसे आणि मग चेहरा. बँकेचे मॅनेजर म्हणजे त्यांच्या लेखी ‘छाती अडतीस, डावा खांदा उतरलेला’. दूधवाला म्हणजे ‘पाय लांब, धड आखूड’. घराची रस्त्याकडची खोली हेच त्यांचं दुकान. एक पायरी, तीन मशीनं, खिळ्यांना टांगलेले कागदी साचे आणि कोपऱ्यात चिंध्यांचं गाठोडं. कामाला दोन बायका होत्या. वर्षभर किरकोळ काम चाले, पण खरी धांदल शाळेच्या गणवेशांची. टेकडीवरची मोठी शाळा आणि कालव्याकाठची छोटी शाळा, दोन्हींचे गणवेश त्यांच्याकडेच. प्रत्येक मुलाचं माप त्या स्वतः घेत आणि एका जाड वहीत लिहीत. वाढत्या अंगासाठी दुमड किती ठेवायची हे मुलाच्या तळपायाकडे बघून ठरवत. ते सहसा चुकत नसे.

शिक्षण आठवी. हे त्यांना स्वतःला फारसं आठवत नसे, पण त्यांची नणंद ते विसरू देत नसे. नणंदबाई कालव्याकाठच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. वयानं वहिनीपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण लाल पेन पर्समध्ये असल्यामुळे सगळ्या जगापेक्षा मोठ्या. दुकानाच्या पाटीवर ‘शिवणकाम’मधला ‘शि’ दीर्घ झाला होता, तो त्यांनी एकदा स्टुलावर चढून स्वतः खरवडून ऱ्हस्व केला होता. त्या वर्षी वहिनीनं नणंदेच्या ब्लाउजला एक हूक कमी लावला.

तीस वर्षं दोघींचं हे असं चाललं होतं. त्यामुळे एका दुपारी नणंदबाई आल्या, पाटीकडे न बघता पायरी चढल्या आणि कापडाच्या ताग्यावर मटकन बसल्या, तेव्हा टेपबाईंनी मशीन थांबवलं.

बातमी वाईट होती. शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं होतं. सातवीच्या मुलांची दरवर्षी जी सार्वत्रिक चाचणी होते, तिच्यात ज्या शाळांचा निकाल सत्तर टक्क्यांच्या खाली, त्या शाळा पुढच्या वर्षी बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायची, असं ठरलं होतं. कालव्याकाठच्या शाळेचा निकाल होता एकसष्ट टक्के. टेकडीवरच्या शाळेचा शंभर, आणि त्या शाळेनं तो फाटकावर गाडीच्या आकाराच्या फलकावर लावलाही होता.

टेपबाईंनी विचारलं, “तुमची किती पोरं बसली होती, वन्सं?”

“एकतीसच्या एकतीस. एकाला ताप होता, तो बिचारा शाल पांघरून बसला. एकोणीस पास झाली.”

“आणि त्यांची?”

“सांगितलं ना. शंभर टक्के.”

“शंभर टक्के किती पोरांचे?”

नणंदबाईंनी टक्केवारी म्हणजे काय हे समजावायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शंभर टक्के किती मुलांचे, हे त्यांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. फलकावर नव्हतं आणि पत्रातही नव्हतं. टेपबाईंना टक्क्यांचं तसंही वावडं होतं. त्यांचं म्हणणं, कापड मीटरनं येतं आणि पोरं डोक्यानं मोजतात. टक्के अंगात घालता येत नाहीत. त्यांनी मापाची वही काढली, टेकडीवरच्या शाळेची सातवी उघडली आणि थुंकी लावून पानं मोजली. चौऱ्याऐंशी मुलं. चौऱ्याऐंशी गणवेश त्यांच्याच हातून गेले होते. त्यातली चाचणीला किती बसली हे कार्यालयाला माहीत असणार आणि कार्यालयाला माहीत असेल ते कुणाही माणसाला मागता येतं, असा कायदा झालेला होता. पोस्टमनकाकांनी, म्हणजे टेपबाईंच्या यजमानांनी, त्याची पुस्तिका कुठूनशी आणून ठेवली होती. काका पोस्टातून निवृत्त झाले होते आणि हाती येईल तो छापील कागद शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचत. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, हे त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं.

नणंदबाईंना अर्ज करता येईना. नोकरी त्याच कार्यालयाच्या हाताखालची. तेव्हा अर्ज टेपबाईंनी करायचा ठरला आणि मसुदा नणंदबाईंनी लिहायचा. मसुदा दीड पानांचा झाला. त्यात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ तीनदा होतं. टेपबाईंनी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा त्यांना झोप आली. मग त्यांनी पावतीपुस्तकामागच्या कोऱ्या कागदावर स्वतःच लिहिलं: ‘सातवीच्या चाचणीला टेकडीवरच्या शाळेत पटावर किती, बसले किती, पास किती. तसंच कालव्याकाठच्या शाळेत. नावं नकोत. मी गणवेश शिवते.’ नणंदबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं, पण त्या कागदाला हात लावला नाही. काकांनी मात्र रजिस्टर करून पोच घ्यायची अट घातली. टपालाच्या बाबतीत ते कुणावरही विश्वास ठेवत नसत, टपालखात्यावर तर मुळीच नाही.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. माहिती विद्यार्थ्यांची वैयक्तिक असल्यानं देता येत नाही.

टेपबाई ते पत्र घेऊन थेट कार्यालयात गेल्या. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टवर ‘बंद’ अशी पाटी, ती पाटीसुद्धा जुनी होऊन पिवळी पडलेली. माहिती अधिकाऱ्याचं टेबल चार लोखंडी कपाटांच्या मागे होतं. माहिती मागायला आलेल्या माणसाला आधी माहिती अधिकारी कुठे बसतो हीच माहिती चार ठिकाणी विचारावी लागे. माणूस चाळिशीचा, सडपातळ, सतत कुणीतरी रागावणार आहे अशा चेहऱ्याचा. ‘सदऱ्याच्या बाह्या दीड इंच आखूड,’ टेपबाईंनी मनात नोंद केली.

“साहेब, मी नावं मागितलीच नाहीत. नुसते आकडे मागितले.”

साहेबांनी अर्ज काढून वाचला. पहिल्यांदाच वाचला असावा, कारण वाचताना त्यांचे कान लाल झाले. ‘पुन्हा कळवतो,’ एवढंच ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी जाडजूड पाकीट आलं. आत दोन्ही शाळांच्या गुणपत्रकांच्या प्रती होत्या आणि त्यावर इतकी काळी शाई फासलेली की कागद हाताला ओलसर लागत होता. मुलांची नावं काळी, गुण काळे, एकूण बेरीज काळी. एका पानावर तर पृष्ठक्रमांकही काळा केला होता. पृष्ठक्रमांकाची कसली आली आहे अब्रू, हे काकांनाही सांगता येईना.

आता टेपबाईंना एक खोड होती. कुठलंही कापड हातात आलं की ते उजेडाकडे धरून बघायचं. वीण विरळ आहे की दाट ते कळतं. त्यांनी सवयीनं पहिलं पान खिडकीकडे धरलं. शाई वरवरची होती. उजेडात खालचं सगळं दिसत होतं. वरून तिसरं नाव समोरच्या घरातल्या मुलीचं होतं आणि त्यापुढे गणिताचे गुण होते नऊ.

शंभरांपैकी नऊ; निकाल सगळ्या विषयांच्या एकूण बेरजेवर लागे म्हणून तेवढ्यावरही ती पास होती. ती पोर रोज पायरीवरून जाताना हसून हात हलवायची. टेपबाईंनी पान खाली घेतलं, सगळे कागद पाकिटात घातले आणि वर इस्त्री ठेवली, जणू ते उडून जाणार होते. नणंदबाई धावत आल्या. उजेडात वाचता येतं म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. सगळं हातात आलं आहे, बसून मोजलं तर तासाभराचं काम, असं त्या म्हणू लागल्या.

“नाही मोजायचं,” टेपबाई म्हणाल्या. “तुमच्या पोरांचेपण आहेत यात. उद्या कुणी त्यांचे असे खिडकीला धरले तर?”

नणंदबाईंनी पाकिटाकडे नेलेला हात मागे घेतला. वहिनीनं आपल्याला गप्प केलं, हे त्यांच्या लक्षात यायलाच थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी टेपबाईंनी पाकीट माहिती अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की तुमची शाई पातळ आहे. साहेबांना आधी कळेना. मग ते एक पान घेऊन खिडकीशी गेले. तिथून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता. असे कागद त्यांनी त्या वर्षात अकरा जणांना पाठवले होते. टेपबाईंनी त्यांना पाणी प्यायला लावलं आणि उपायही सांगितला: काळं केलेल्या कागदाची परत एकदा प्रत काढायची आणि ती प्रत द्यायची, मूळ कागद नाही; प्रतीत नुसता काळा पट्टा उतरतो, त्यातून उजेडातही काही दिसत नाही. हे त्या कुठे शिकल्या, असं साहेबांनी विचारलं. अस्तर लावतो आम्ही, त्या म्हणाल्या.

तेव्हापासून साहेबांची भीती थोडी मोडली. ते आवाज खाली आणून बोलले. आकडे कुणाच्याच मालकीचे नाहीत, एकत्रित बेरजा द्यायला कायद्याची काही आडकाठी नाही, पण टेकडीवरच्या शाळेचा विषय निघाला की वरचे लोक चिडतात. तुम्ही वर अपील करा. सुनावणी लागते, तिथे मला विचारलं तर मी खरं तेच सांगेन. “मला विचारलं तरच,” त्यांनी पुन्हा सांगितलं. आपल्या धैर्याची मापं त्यांना नीट ठाऊक होती.

अपिलाची तारीख दोन महिन्यांनी लागली. मोठ्या साहेबांची खोली, लांब टेबल, त्यावर जाड काच. एका बाजूला टेकडीवरच्या शाळेचे प्राचार्य बसले होते. कोट उत्तम शिवलेला, फक्त पोटापाशी बटण ताणलेलं. दुसऱ्या बाजूला टेपबाई आणि त्यांच्याशेजारी पोचपावत्यांची फाईल मांडीवर घेऊन पोस्टमनकाका. नणंदबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी रजा टाकली होती आणि कारण ‘डोकेदुखी’ लिहिलं होतं. ते खोटंही नव्हतं.

प्राचार्यांनी सुरुवात केली. मुलांची गोपनीयता, शाळेची प्रतिष्ठा, पालकांचा विश्वास, सगळं बोलून झालं. हा कायदा गंभीर नागरिकांसाठी आहे, शिंप्यांनी चौकशा करण्यासाठी नाही, असंही ते बोलून गेले. काकांनी फाईलवरची पकड घट्ट केली. टेपबाईंना मात्र राग आला नाही, कारण त्या बटणाकडे बघत होत्या. ते कोणत्याही क्षणी उडणार होतं.

मोठ्या साहेबांनी त्यांना विचारलं की तुमचा यात संबंध काय. टेपबाईंनी सांगितलं की त्यांनी टेकडीवरच्या सातवीसाठी चौऱ्याऐंशी गणवेश शिवले. फलकावर शंभर टक्के आहे. ते चौऱ्याऐंशीचे असतील तर त्या शाळेला हात जोडतील आणि घरी जातील.

प्राचार्य म्हणाले, चौऱ्याऐंशी हा आकडा कुठून आला, मापाची वही दाखवा. टेपबाईंनी वही पिशवीतून काढली आणि मांडीवर उलटी ठेवली.

“ही दाखवणार नाही,” त्या म्हणाल्या. “यात पोरांची मापं आहेत. कुणाची कंबर किती, कुणाचा एक खांदा वर, ते माझ्या आणि त्यांच्यातलं. तुम्हाला आकडाच हवा ना, तो देते.” आणि त्यांनी गणवेशाच्या मागणीचं पत्र पुढे सरकवलं. सातवी, नग चौऱ्याऐंशी, खाली प्राचार्यांची वळणदार सही.

मोठ्या साहेबांनी चष्मा लावून ती सही वाचली. मग त्यांनी माहिती अधिकाऱ्यांना हाक मारली आणि नुसता आकडा विचारला. माहिती अधिकारी उभे राहिले. त्यांच्या आखूड बाह्यांमधून मनगटं दिसत होती.

“पटावर चौऱ्याऐंशी,” ते म्हणाले. “बसले सत्तावन्न. पास सत्तावन्न. गैरहजर सत्तावीस.”

प्राचार्यांनी त्या दिवशी साथ होती असं सांगून पाहिलं. कसली साथ, ते त्यांना चटकन सुचलं नाही. मोठ्या साहेबांनी कागदावर भागाकार केला, तो खोडला आणि परत केला. पटावरच्या सगळ्यांचा हिशेब धरला तर टेकडीवरच्या शाळेचा निकाल सदुसष्ट टक्क्यांच्या वर आणि अडुसष्टच्या खाली पडत होता. म्हणजे नियम लावायचाच तर बंद करायच्या यादीत ती शाळाही जात होती. मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्या शाळेत त्यांची पुतणी शिकवत होती, हे नंतर कळलं.

टेपबाईंनीच त्यांना सोडवलं. त्या म्हणाल्या की तसंही धरू नका. ती सत्तावीस पोरं नापास झाली असं कुठे ठरलंय? ती बसलीच नाहीत. त्यांना बसवा, मग काय ते कळेल.

निकाल लेखी आला, रजिस्टर पोस्टानं. काकांनी पोस्टमनला पायरीवर बसवून चहा पाजला. दरवर्षी प्रत्येक शाळेचे पट, बसलेले आणि पास असे तीन आकडे कार्यालयाबाहेर लावायचे, नावं कुणाचीच नाहीत. शाळा बंद करायची यादी रद्द. आणि टेकडीवरच्या सत्तावीस मुलांची चाचणी नव्यानं घ्यायची.

ती महिन्याभरात झाली. सत्तावीसपैकी वीस पास झाली. शिक्षकांनी ज्यांच्यावर पाणी सोडलं होतं त्यांतली वीस. त्या दिवशी घरीच ठेवा, सुट्टी समजा, असं त्यांच्या आयांना शाळेतून सांगण्यात आलं होतं आणि आयांनी ते गुमान ऐकलं होतं. आता त्यातल्या चौघी-पाचजणी प्राचार्यांच्या खोलीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या आणि हलायला तयार होईनात. फाटकावर नवा फलक लागला. त्यावर एकशे चाळीस मुलांचं कवायतीचं चित्र होतं, टक्के नव्हते.

टेकडीवरच्या शाळेनं पुढच्या वर्षीचे गणवेश अर्थातच दुसरीकडे दिले. टेपबाईंना ते लागलं. दोनपैकी एका कामवालीला त्यांनी अर्ध्या दिवसावर आणलं. नव्या शिंप्यानं दुमड ठेवली नाही, त्यामुळे दिवाणखान्यातल्या पडद्यासारख्या सरळसोट चड्ड्या घालून पोरं फिरू लागली आणि सहा महिन्यांत त्या आखूड झाल्या. मग त्यांच्या आया मागच्या गल्लीनं, एकेक करून, टेपबाईंकडे येऊ लागल्या. टेपबाई त्यांना पुढच्या पायरीनंच यायला लावत.

कालव्याकाठची शाळा राहिली. पण एकसष्ट हे एकसष्टच होते, आणि आता ते कार्यालयाबाहेर सगळ्यांना दिसतील असे लागले होते. नणंदबाईंनी नापास झालेल्या बाराजणांसाठी शनिवारचा गणिताचा तास सुरू केला. शाळेत सगळ्या वर्गांत मिळून एकच फळा आणि शनिवारी तोही मोकळा नसे, त्यामुळे तास टेपबाईंच्या दुकानात भरू लागला. कापायच्या लांब टेबलावर खडूनं अपूर्णांक लिहिले जात. समोरच्या घरातली मुलगीही येऊन बसू लागली. ती टेकडीवरच्या शाळेतली, तिचं काय काम, असं नणंदबाई म्हणणार होत्या, पण वहिनीनं नुसतं बघितलं आणि त्या थांबल्या. त्या मुलीचे गुण टेपबाईंनी कुणालाच सांगितले नाहीत, काकांनाही नाही.

अपूर्णांक मात्र तिला काही केल्या उमगेनात. तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी नणंदबाईंनी हात टेकले, तेव्हा टेपबाईंनी मशीनवरून उठून गळ्यातली टेप काढली, आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती ती, आणि त्या पोरीच्या हातात दिली. एक मीटर कापड, चार जणांना सारखं द्यायचं, काप म्हणाल्या. पोरीनं शंभरच्या खुणेपर्यंतची टेप दुमडली, परत दुमडली, बोटानं पंचवीसच्या खुणेवर दाबून धरली आणि वर बघितलं.

“आणि आठजण आले तर?” टेपबाईंनी विचारलं.

पोरीनं आणखी एक घडी घातली. नणंदबाईंनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी पर्समधून वही काढली आणि मुकाट्यानं पुढच्या शनिवारसाठी लिहून ठेवलं: तेरा टेपा आणाव्यात.